गॅसवाल्यांचा डबा

हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घ्यायचा ऑक्टोबरअखेरचा रविवार उजाडेपर्यंत घरातल्या हीटिंगला हात लावायचा नाही, हा आमच्या चढावरच्या गल्लीतला न लिहिलेला नियम आहे. त्याआधी कुणाच्या भिंतीतल्या नळीतून गॅसच्या बॉयलरची पांढरी वाफ निघताना दिसली की समोरचे लोक काळजीनं विचारतात, "काय हो, आजारी आहे का कुणी घरात?" नोरीन होल्डस्वर्थ त्याच्याही पुढची होती. घड्याळं मागे गेली तरी ती संध्याकाळी सहा ते सात एवढा एकच तास बॉयलर लावायची. उरलेला दिवस दोन स्वेटर, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि पाठीशी आमची भिंत.

आमची दगडी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत, मधली भिंत दोन्हीकडची. आमच्या बाजूला त्या भिंतीवर बॉयलरच्या पाण्यानं तापणारा रेडिएटर आहे. नोरीननं आपली खुर्ची नेमकी त्याच्या पलीकडे आणून ठेवली होती.

"तुमची ऊब चोरते मी," ती स्वतःच सांगायची. "पोलिसांना बोलवायचंच असेल तर दुपारी तीनला बोलव. तेव्हा मी मुद्देमालासकट सापडते."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची, बारीक, ताठ. हॅलिफॅक्सच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं पंचवीस वर्षं काढली. दोनशे मुलांना कस्टर्ड पुरवायचं आणि शेवटच्या मुलालाही पहिल्याइतकंच द्यायचं, हे ज्या हाताला जमलं त्याला आकड्यांची भीती वाटत नाही. शिवाय नवरा वॉल्टर गॅसची मीटरं वाचणारा. तेहतीस वर्षं तो या डोंगरउतारावरच्या घराघरात जाऊन, मीटर असतं त्या जिन्याखालच्या कपाटात वाकला. कुणाच्या कपाटात बाटल्या आहेत, कुणाच्यात नाताळच्या भेटी आधीच आणून लपवल्यात, सगळं त्याला ठाऊक. सांगायचा मात्र कुणालाच नाही.

रविवारी चर्चहून आलं की वॉल्टर स्वतःच्या घरच्या कपाटात शिरायचा आणि आतून आकडे ओरडून सांगायचा. नोरीन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहायची. निळ्या पुठ्ठ्याची वही. तिच्या पहिल्या पानावर वॉल्टरनं लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी, दुसरं काही आणायला विसरला म्हणून, गणित लिहून दिलं होतं:

मीटरमधला फरक घ्यावा.
गुणिले २.८३, आपल्या मीटरसाठी.
गुणिले १.०२२६४, हवेसाठी.
गुणिले ३९.५, गॅसच्या अंगातल्या जोरासाठी.
भागिले ३.६, कारण वरचे साहेब म्हणतात म्हणून.
येतील ती युनिटं. त्यांना भावानं गुणावं आणि मग खुर्चीत बसावं.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत वॉल्टर गेला. त्यानंतर नोरीन स्वतःच टॉर्च घेऊन कपाटात वाकायची आणि आकडे पुटपुटत टेबलापाशी यायची. हातात काठोकाठ भरलेला वाडगा असावा तशी, सावकाश. अशा वेळी मी तिच्याकडे असले तर बोलायची मला बंदी होती.

आणि तेव्हापासूनच तिच्या लक्षात आलं की गॅस कंपनीचं काहीतरी चुकतंय.

हिवाळ्यात वहीतल्या गणितानं आठवड्याचे पस्तीस पौंड निघत. कंपनीच्या बिलात मात्र जेमतेम साडेबारा. दर हिवाळ्यात तेच. दुसरं कुणी असतं तर गप्प बसून देवाचे आभार मानले असते. नोरीननं फोन लावला. चाळीस मिनिटं फोनवरची बासरी ऐकल्यावर एक मुलगा लाइनवर आला आणि म्हणाला, तुमचं खातं अगदी व्यवस्थित आहे.

"व्यवस्थित!" नोरीन मला म्हणाली. "बिचाऱ्याला पत्ताच नाही. अंदाजानं बिलं पाठवतात गं हे. वॉल्टर म्हणायचा, अंदाजाचं बिल म्हणजे उसनं हसू. एक दिवस कुणीतरी शहाणा येईल, खरा आकडा बघेल आणि सगळं एकदम मागेल. मिसेस गॉंटच्या दारात असाच आला होता. तिला पियानो विकावा लागला."

म्हणून हिवाळ्यातल्या दर रविवारी हिशेब झाला की वरच्या फरकाचे पैसे ती बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात टाकायची. डब्याला चिकटपट्टीनं कागद लावला होता: गॅसवाल्यांचे. गेल्या वर्षी तिचा एक दात तुटला. दंतवैद्य म्हणाला, बसवायचा तर इतके लागतील. ती घरी आली आणि त्या दिवसापासून उजव्या बाजूनं चावू लागली.

"डब्यात आहेत की," मी म्हटलं होतं.

"ते माझे नाहीत," ती म्हणाली. तो विषय तिथंच संपला.

या नोव्हेंबरात तिचा धाकटा भाऊ लेस इस्पितळात पडला. गालिच्यांच्या गिरणीत आयुष्य गेलेलं, छातीत कायमची लोकर. न्यूमोनियातून तो वाचला, पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच्या एका खोलीत परत जाणं शक्य नव्हतं. वॉर्डातल्या बाई म्हणाल्या, दोनच वाटा. एक तर बहिणीकडे. पण तिथं घर सकाळपासून रात्रीपर्यंत एकवीस अंशांवर राहिलं पाहिजे, गार हवा त्याच्या छातीला चालणार नाही. नाहीतर समुद्राकाठच्या वृद्धाश्रमात एक जागा आहे, गाडीनं दोन तास. ती जागा शुक्रवारी दुपारपर्यंतच धरून ठेवता येईल.

बुधवारी मी नोरीनला गाडीनं इस्पितळात घेऊन गेले. लेस उशांना टेकून बसला होता, नाकाखाली नळी. बहिणीला बघताच म्हणाला, "आली का महाराणी! पार्किन आणलास?"

तिनं पिशवीतून काकवी घातलेल्या ओटच्या केकची पुडी काढली. लेसनं एक तुकडा दातानं तोडला आणि डोळे मिटले.

"नॉरी, तुझ्या घरी एकवीस अंश? तुझ्या घरी मी कोट घालून जेवतो. गेल्या नाताळला लोणी कापायला करवत मागितली होती मी."

"खोटारडा."

"या पोरीला विचार. काय गं, मागितली होती की नाही?"

"मागितली होती," मी म्हटलं.

"बघ. मला आपलं समुद्राकाठी पाठव. तिथं फुकट वारा मिळतो." तो हसला आणि हसण्याचा खोकला झाला. तो खोकला बराच वेळ थांबला नाही. नोरीन त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. थांबल्यावर तो हळूच म्हणाला, "जमत नसेल तर नको ओढूस, नॉरी. मी काही रडणार नाही."

परत येताना गाडीत ती म्हणाली, "तो रडेल. लहानपणी उन्हाळ्याच्या शिबिरातून चालत घरी आला होता. अकरा मैल."

खरं तर तिनं सोमवारीच करून पाहिलं होतं. दिवसभर थर्मोस्टॅट एकवीसवर ठेवला आणि स्वतःच्याच घरात पाहुणी आल्यासारखी खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. रात्री मीटर पाहिलं, नऊनं पुढे गेलेलं. वही उघडली. दिवसाचे सतरा पौंड बहात्तर. आठवड्याचे एकशे चोवीस. लेसनं अर्धे दिले तरी तिच्या वाट्याला बासष्ट. घरपट्टी, पाणी, वीज, किराणा आणि वॉल्टरच्या थडग्यावरची फुलं वजा जाता पेन्शनमधून गॅसपायी आठवड्याला पन्नासच्या वर एक पेनीही निघत नव्हती. फुलं वगळून तिनं पुन्हा मांडलं. तरीही नाही.

गाडी आमच्या दारात थांबली तरी ती उतरली नाही.

"बारा पौंडांसाठी," ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली. "बारा पौंडांसाठी मी भावाला समुद्रावर पाठवणार."

"डब्यातले..." मी म्हणायला लागले.

"तू चांगली मुलगी आहेस," ती म्हणाली आणि दार उघडून उतरली.

गुरुवारी सकाळी जुनैद आला. हिवाळा लागताना बॉयलरची वार्षिक तपासणी करायचीच, हा वॉल्टरचा नियम होता आणि नोरीननं तो मोडला नव्हता. जुनैद खालच्या चौकात राहतो. तो शाळेत असताना नोरीननं त्याला रोज कस्टर्ड वाढलं होतं, म्हणून तो तिच्याकडून फक्त सामानाचे पैसे घेतो आणि तिला मावशी म्हणतो. मी त्या दिवशी घरीच होते, तिनं मलाही चहाला बोलावलं.

जुनैदनं बॉयलरच्या पेटीचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, ब्रश फिरवला. नोरीन त्याच्या मागे उभी.

"जुनैद, ही पेटी कमी खाईल असं काही करता येतं का रे?"

"चांगली आहे की पेटी. किती खाते म्हणता?"

"तासाला साडेचार पौंड."

जुनैदनं ब्रश खाली ठेवला. "मावशी, साडेचार पौंडांत तासभर आमची अख्खी मशीद तापते."

"थट्टा नको. मी मोजलंय."

"मीही मोजून दाखवतो मग. घरातला गॅस दुसरीकडे कुठं जळायला नको. चहा झालाय ना? आता शेगडी बंद, गरम पाण्याचा नळ बंद. ही पेटी फुल लावतो, घरातले सगळे रेडिएटर उघडतो. वर चौदा नंबरात एक गळका नळ आहे, तो करून बरोबर तासाभरानं येतो. आत्ताचा आकडा लिहा, मी आल्यावरचा लिहा."

नोरीन टॉर्च घेऊन कपाटात गेली आणि पुटपुटत परत आली. दोन हजार एकशे अठ्ठेचाळीस पॉइंट दोन. लिहिलं. मग आम्ही दोघी त्या तासभर नुसत्या बसलो. एकेक रेडिएटर आतून टिकटिकत जागा होत होता. खिडकीच्या काचेवर आधी धुकं आलं, मग ते खालून वर विरत गेलं आणि समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्या दिसू लागल्या. नोरीननं वरचा स्वेटर काढला, घडी करून मांडीवर ठेवला. ती ऊब तिला लागत होती आणि तिचे तासाला साडेचार पौंडही लागत होते.

जुनैद आला. दोन हजार एकशे पन्नास पॉइंट पाच. फरक दोन पॉइंट तीन.

नोरीननं वही ओढली. पेन्सिलीनं गुणाकार मांडले, एकाखाली एक. पाच मिनिटं लागली. मी फोनवर केलं नाही. तिला ते आवडत नसे.

"त्र्याहत्तर युनिटं," तिनं पेन्सिल टेकवली. "सहा पॉइंट दोन पेन्स भाव. चार पौंड त्रेपन्न. बघ."

जुनैद तिला हाताला धरून बॉयलरपाशी घेऊन गेला. झाकणाच्या आत एक छोटी पत्र्याची पट्टी होती. त्यानं तिच्यावर बोट ठेवलं.

"वाचा."

"चोवीस किलोवॅट."

"म्हणजे तासभर जीव तोडून पेटली तर ही पेटी चोवीस युनिटं देते. वाया जाणारं धरा, सव्वीस खाईल. तिच्या पोटात त्याहून जास्त मावतच नाही. आता मला सांगा, मावशी, सव्वीसच्या पोटात त्र्याहत्तर गेली कुठून?"

नोरीन पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पट्टी चुकीची असेल."

"पट्टी कारखान्यात ठोकलेली आहे."

"वॉल्टरनं तेहतीस वर्षं हे गणित केलंय, जुनैद. तू जन्मला नव्हतास. कंपनीचे साहेब त्याला विचारायला यायचे."

"मी काका चुकले असं कुठं म्हणतोय?" जुनैदचा आवाज एकदम मऊ झाला. "दाखवा तरी गणित."

तिनं वही दिली, पण हातातून सोडली नाही. दोघांनी मिळून धरलेली वही जुनैद वाचू लागला. दुसऱ्या ओळीवर थांबला. मग तिचीच टॉर्च घेऊन जिन्याखालच्या कपाटात गेला. आतून त्याचा आवाज आला.

"मावशी, हे मीटर काकांच्या वेळचं नाही."

"नाही. तो गेला त्याच वर्षी मे महिन्यात दोन मुलं येऊन बदलून गेली. जुनं झालं म्हणाले. मी चहा दिला त्यांना. एकानं चार चमचे साखर घेतली."

"आणि तुम्ही बघितलं नाहीत?"

"काय बघायचं?" ती म्हणाली. "जुनं गाडीत टाकून घेऊन चालले होते. मी खिडकीत उभी राहिले नाही. स्वयंपाकघरात बसले."

जुनैद बाहेर आला, केसांना जाळं लागलेलं. "जुनी मीटरं घनफुटांत मोजायची. शंभर शंभर घनफूट. त्यांचे घनमीटर करायला दोन पॉइंट त्र्याऐंशीनं गुणायचं. हे नवीन घनमीटरातच मोजतं. आकड्याशेजारी लिहिलंय बघा, m आणि वर छोटा तीन. गुणायचं कारणच उरलं नाही. ती एक ओळ गाळून करा."

नोरीन बसली. पहिल्या पानावरच्या दुसऱ्या ओळीवर तिचं बोट होतं. "आपल्या मीटरसाठी," तिनं वाचलं. मग पुन्हा, स्वतःशी, "आपल्या मीटरसाठी."

"म्हणजे तो चुकला नव्हता," ती म्हणाली.

"अजिबात नाही. मीटर गेलं, मावशी. गणित बरोबरच होतं."

पेन्सिल फिरली. दोन पॉइंट तीनची युनिटं सव्वीसला थोडी कमी. तासाचा एक पौंड साठ. मग तिनं मागचं पान उलटून सोमवारचे नऊ घेतले. दिवसाचे सहा पौंड सव्वीस. आठवड्याचे त्रेचाळीस ब्याऐंशी. अर्धे लेसचे. तिच्या वाट्याला बावीसही नाहीत. तिनं ते तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच आलं तरी चेहरा तसाच, शाळेत कस्टर्डच्या शेवटच्या पळीपर्यंत असायचा म्हणतात तसा. फक्त पेन्सिल ठेवताना ती टेबलावरून घरंगळली आणि तिनं ती उचलली नाही.

"आणि साडेबारा," मी म्हटलं, "म्हणजे बिल..."

"बिल बरोबर होतं," ती म्हणाली. "चार हिवाळे बरोबर होतं."

जुनैदला डब्याचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. तो फडताळावरच्या त्या डब्याकडे आणि त्यावरच्या कागदाकडे कितीतरी वेळ पाहत राहिला.

"किती आहेत?"

"दोन हजार तीनशे सत्तर," नोरीन म्हणाली. तिला डबा उघडावा लागला नाही.

"मावशी," जुनैद म्हणाला, "मी आयुष्यभर लोकांच्या घरी ही कामं करतोय. गॅसवाले आपल्याला लुटतात म्हणणारे हजार भेटले. आपण गॅसवाल्यांना लुटतोय म्हणून गारठून बसलेलं माणूस पहिल्यांदा बघतोय."

त्यावर ती हसली. हात तोंडावर न घेता, तुटक्या दातासकट. मग उठून फोनपाशी गेली आणि वॉर्डाचा नंबर फिरवला. तिथल्या बाईंना फार काही सांगितलं नाही. "एकवीस होतील," म्हणाली. "हो. सकाळपासून रात्रीपर्यंत. त्याला सांगा, कोट आणू नकोस."

जुनैद निघाला तेव्हा तिनं त्याला डब्यातून पूर्ण मजुरी काढून दिली. तो घेईना. दारात दोघांची ओढाताण झाली. शेवटी अर्ध्यावर तडजोड झाली आणि वर पार्किनची पुडी. डब्यावरचा कागद तिनं नखानं सोलून काढला. चिकटपट्टीचा डाग मात्र राहिला.

वहीतली ती ओळ तिनं खोडली नाही. पानाच्या तळाशी, वॉल्टरच्या अक्षरांपासून थोडी जागा सोडून, तारीख घातली आणि लिहिलं: मीटर बदललं. दुसरी ओळ आता नको.

मंगळवारी लेस आला. समोरची खोली, जी पाहुण्यांसाठी म्हणून वर्षानुवर्षं बंदच असायची, तिच्यात त्याचा पलंग लागला. नोरीनची खुर्ची आमच्या भिंतीपासून हलून त्याच्या पलंगाशेजारी गेली. त्या संध्याकाळी मी आमच्या बाजूनं भिंतीवर हात ठेवून पाहिला. आमचा रेडिएटर अजून लावलेला नव्हता. भिंत कोमट होती.

रविवारी मी सूप घेऊन गेले तर घरात भांडण चाललेलं.

"भाजून काढतेस का मला? खिडकी उघड जरा."

"खिडकी? एकवीस आहे. एकवीसच राहणार. नर्सनं सांगितलंय."

"नर्सला काय जातंय? तिला नाही शिजायचं."

"खायचं, झोपायचं आणि वर तक्रार. ऊठ. कामाला लाग."

लेस कुरकुरत उठला. दोन पावलं टाकायची, थांबायचं, असं करत तो जिन्याखालच्या कपाटापाशी गेला. मी त्याच्यासाठी स्टूल सरकवलं. नोरीन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसली, निळी वही उघडली आणि पेन्सिलीला टोक आहे का ते बोटानं पाहिलं.

"पॉइंटनंतरचे लाल आकडे सोडून दे," तिनं आतून सांगितलं. "काळेच वाच. सावकाश. आणि मोठ्यानं."

कपाटातून लेस एकेक आकडा ओरडून सांगू लागला, धापा टाकत, आणि ती लिहीत गेली.